सहाच्या सहा गडद

मार्च महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी मार्लिस सोबोट्का बटाट्याचं सॅलड कालवत उभी होती, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे नेर्मिन आयदोआन होती. बोखुमला दातांच्या दवाखान्यात काम करणारी ही मुलगी दोन वर्षांपूर्वी मार्लिसकडून गेको जातीच्या पालीची एक मादी घेऊन गेली होती.

"सोबोट्काबाई, पिल्लं बाहेर आली," ती म्हणाली. "सहाही."

"अरे वा. मग?"

नेर्मिन जरा अडखळली. "गडद आहेत हो. सहाच्या सहा. काळे पट्टे, काळे डोळे. साधी, रानात असतात तशी."

मार्लिसने चमचा भांड्याच्या काठावर ठेवला. "असं होणारच नाही," ती म्हणाली.

हे तिने उगाच ठोकून दिलं नव्हतं. सत्तावन्न वर्षांची मार्लिस गेल्झनकिर्शनमध्ये ट्राम चालवायची आणि घराच्या तळघरात बिबट्यासारख्या ठिपक्यांचे गेको वाढवायची. तेही साधे नाहीत, फिके. अंगावर काळा रंग नावालाही नाही, सायीवर केशर सांडावं तसे पट्टे आणि गुलाबी झाक असलेले डोळे. पिल्लू आईकडून एक वाटा घेतं, बापाकडून एक. दोन्ही वाटे फिके असतील तरच ते फिकं निघतं. आई फिकी, बाप फिका, तर पोटी गडद पिल्लू येईल कुठून?

एकच खोच होती. फिक्या गेकोंची तीन वेगवेगळी घराणी आहेत. दिसायला भावंडं वाटावीत इतकी सारखी, पण रंग हरवण्याची जागा प्रत्येकाची निराळी. एका घराण्यातला फिका दुसऱ्या घराण्यातल्या फिक्याला लावला, की एकाची उणीव दुसरा भरून काढतो आणि झाडून सगळी पिल्लं गडद निघतात. म्हणून विकणाऱ्याने घराणं सांगायचं असतं आणि घेणाऱ्याने त्यावर विश्वास ठेवायचा असतो. मार्लिसचं घराणं बेल नावाचं. नेर्मिनने हॉलंडमधून आणलेला नरही बेल.

"तुमच्या त्या डच माणसाने गंडवलंय तुम्हाला," मार्लिस म्हणाली.

"मी त्याला विचारलं. याच नराच्या भावांची पिल्लं तीन घरी झालीत. तिन्हीकडे माद्या बेल होत्या, तिन्हीकडे फिकीच निघाली."

"मग मादीला आधी दुसरा नर लागला असेल. एकदा संग झाला की त्या पुढे महिनोन्‌महिने त्याच्यावर अंडी घालू शकतात."

"बाई, ती माझ्याकडे आली तेव्हा बोटाएवढी होती. माझ्याकडे दुसरा नरच नाही." नेर्मिनच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून तो जास्तच बोचला. "मी फक्त विचारतेय. माझं काही चुकलं का?"

"बघते मी," म्हणून मार्लिसने फोन ठेवला. त्या दिवशी सॅलडमध्ये मीठ दोनदा पडलं. तिचा नवरा डेटलेफ पहिला घास घेऊन म्हणाला, "समुद्रावर जायचं होतं तर सांगायचंस, तिकिटं काढली असती." ती हसली नाही.

मार्लिसचा बाप खाणीत होता आणि घरामागे कबुतरं पाळायचा. त्या गल्लीत सगळेच खाणीत होते आणि सगळेच कबुतरं पाळायचे. बापाच्या पाळीतला जोडीदार एबर्हार्ड लोकाम्प, तिचा एबीकाका. बाप गेला, खाण बंद झाली, खुराडी मोडली. एबीकाका हेर्नेला राहायला गेला आणि कबुतरांऐवजी गेको पाळू लागला. "आवाज नाही, पिसं नाहीत, शेजारी भांडत नाहीत," तो म्हणायचा. मार्लिस एकदा सहज भेटायला गेली, तर त्याने बिअरच्या पेल्याखालचा पुठ्ठा उलटा करून त्यावर चार चौकटी आखल्या. वर आईचे दोन वाटे, बाजूला बापाचे. "भर," म्हणाला. तिने भरल्या. शाळेत गणितात कायम मागे राहिलेल्या मार्लिसला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की आपल्यालाही पुढचं दिसू शकतं.

अकरा वर्षांपूर्वी काकाने तिला एक नर आणि दोन माद्या दिल्या. बेल घराणं, म्हणाला. त्या तिघांवर तिचं सगळं उभं राहिलं. अंडी ठेवली, की डब्यावर चिठ्ठी लागायची: अमुक दिवशी, अमुक रंगाची. आणि तशीच निघायची. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाजारात तिच्या टेबलाशी लोक म्हणायचे, सोबोट्काबाईंनी लिहिलंय ना, मग बघायला नको.

आता मात्र तिला चैन पडेना. सोमवारी एका थांब्यावर ती ट्रामचे दरवाजे उघडायलाच विसरली. बाहेरची माणसं काचेवर टकटक करू लागली तेव्हा कुठे भानावर आली. चार चौकटी डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. तिची चिठ्ठी कधी चुकली नव्हती हे खरं, पण का चुकली नव्हती? कारण तिने बाहेरचा नर कधी आणलाच नव्हता. आपले आपल्यालाच लावायचे, चुलत, आत्ते, मावस. फिक्याला फिका, दोघं एकाच घराण्यातले. ते घराणं बेल असो की दुसरं कुठलं, पिल्लं फिकीच निघणार होती. अकरा वर्षं बरोबर आलेल्या उत्तराने काहीच सिद्ध होत नव्हतं.

रविवारी ती हेर्नेला गेली. एबीकाका आता अठ्ठ्याहत्तरचा होता. कोळशाच्या धुळीने फुप्फुसं भरली होती, नाकाला नळी आणि शेजारी चाकांवरची ऑक्सिजनची बाटली. तरी बागेच्या तुकड्यातल्या लाकडी खोपट्यासमोर बसून तो वेलांना आधार द्यायच्या काठ्या सोलत होता. तिने सगळं सांगितलं.

"डच लोक," काका म्हणाला. "ट्यूलिपचे कांदे विकावेत तशी नावं विकतात. केक खा."

"म्हणजे तो नरच खोटा?"

"असेल. मनाला लावून घेऊ नकोस, पोरी."

ती हलकी होऊन घरी आली. ते हलकेपण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकलं. मग ट्राम शेवटच्या थांब्यावर उभी असताना तिच्या लक्षात आलं, की काकाने एकदाही विचारलं नाही, मादी कुठली. कोणाची मुलगी, कुठल्या सालची, किती वजनाची. एरवी एका अंड्यावर तासभर बोलणारा माणूस, आणि काल त्याने काहीच विचारलं नव्हतं.

तिने पडताळा घ्यायचं ठरवलं. कासलच्या एका शिक्षकाकडून तिने बेल नर उसना आणला आणि म्युन्स्टरच्या एका बाईंकडून ट्रेंपर नावाच्या दुसऱ्या घराण्यातला नर. दोन्ही तावूनसुलाखून खात्री झालेले. आपल्याकडच्या गेल्या वर्षीच्या दोन सख्ख्या बहिणी निवडल्या, ज्यांना अजून नर लागला नव्हता.

डेटलेफ तळघराच्या पायऱ्यांवर कॉफीचा मग घेऊन उभा होता. "एकीला कासलचा, दुसरीला म्युन्स्टरचा," तो म्हणाला. "आमच्या आईने निदान मुलीला विचारलं तरी होतं."

"तुझ्या बहिणीने काय उत्तर दिलं होतं?"

"पळून गेली."

मे महिन्यात दोघींनी ओल्या शेवाळाच्या डब्यात दोन-दोन अंडी घातली. मऊ, कातडी वेष्टनाची, बोराहून थोडी मोठी. मार्लिसने शिसपेन्सिलीने वरच्या बाजूला खूण केली, कारण ही अंडी फिरवायची नसतात, आणि उबवणीच्या पेटीत ठेवली. ती नेहमी सत्तावीस अंशांवर ठेवायची. त्या उबेत बहुतेक माद्या होतात आणि दोनेक महिने लागतात. या वेळी तिने काटा बत्तीसवर नेला. त्या उबेत बहुतेक नर होतात, पण दोन-तीन आठवडे वाचतात. डेटलेफच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"बाई, तू अंडी उबवतेयस की उकडतेयस?"

"मला कळायला हवं."

"कळल्यावर काय करशील?"

मार्लिसने पेटीचं झाकण लावलं. कामावरून आली की अंगावरचा गणवेश न उतरवता ती खाली जायची. अंड्याखाली छोटी विजेरी धरायची, आतल्या तांबड्या शिरा बघायची, परत वर यायची. जेवता जेवता उठायची. पेटीचं झाकण इतक्यांदा उघडलं, की आतला ओलावा टिकेना. तेव्हा डेटलेफने झाकणावर वाळूची पिशवी ठेवली आणि म्हणाला, दिवसातून दोनदाच. ती चिडली, आणि लपून तिसऱ्यांदा उघडत राहिली. तिला दोन्ही उत्तरांची भीती वाटत होती. डच माणसाचा नर खोटा निघाला, तर एबीकाकावर संशय घेतल्याची लाज. आणि तसं नसलं तर त्यापुढचं तिला मनातसुद्धा आणवत नव्हतं. डब्यांवर तिने या वेळी काहीच लिहिलं नव्हतं.

जूनच्या मध्यावर कासलच्या नराची अंडी घामेजली, वरून चेपली. संध्याकाळच्या कॉफीच्या वेळेला एक चिरलं आणि नाक बाहेर आलं. मार्लिस गुडघे टेकून बसली होती. नाक काळं होतं. मग डोकं, मान, मानेवरचा काळाभोर पट्टा. दुसरंही तसंच. दोन दिवसांनी म्युन्स्टरच्या नराची फुटली. दोन्ही पिल्लं फिकी, गुलाबी, सुंदर.

मार्लिस कपडे धुण्याच्या यंत्रावर जाऊन बसली. तिचे गेको बेल नव्हते. कधीच नव्हते. होते ते ट्रेंपर. तिच्याकडे एक वही होती, त्यात अकरा वर्षांत जनावरं नेणाऱ्या एकसष्ट माणसांची नावं होती, आणि प्रत्येकाला तिने स्वतःच्या अक्षरात बेल असं लिहून दिलं होतं.

दुसऱ्याच दिवशी ती हेर्नेला गेली. काका खोपट्यात खाटेवर बसला होता. ती बसली नाही.

"एबीकाका, किती वर्षं ठाऊक आहे तुम्हाला?"

त्याने कशाबद्दल, असं विचारलं नाही. नळी सारखी केली. "नऊ."

"आणि मला दिले तेव्हा?"

"तेव्हा नव्हतं ठाऊक. तेव्हा बेलच आहेत असं वाटत होतं." तो थांबत थांबत बोलू लागला. "तुझी ट्राउडेलकाकू गेली तो हिवाळा आठवतो ना? मी इस्पितळात तिच्यापाशी. गेको तेव्हा या खोपट्यात असायचे, आणि इथली शेगडी बंद पडली. शेजारच्या पावेलला कळलं, त्याने बिचाऱ्याने सगळे गेको उचलून घरात नेले. कपड्यांच्या टोपल्यांत, आंघोळीच्या टबात, मिळेल त्यात. चिठ्ठ्या इथेच राहिल्या. वाचवले त्याने, त्याला काय बोलणार? परत आलो तर माझ्याकडच्या दोन्ही घराण्यांचे फिके, बेल आणि ट्रेंपर, एकात एक. मी म्हटलं, माझी जनावरं आहेत, मी तोंडावरून ओळखतो."

"तोंडावरून ओळखता येत नाही," मार्लिस म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत मला. पहिल्या दिवशी."

"हो."

"मग?"

"मग दोन वर्षांनी माझ्याच एका जोडीची पिल्लं गडद निघाली. तेव्हा कळलं. मी सगळं बंद केलं, पोरी. एकही विकला नाही, मरेपर्यंत सांभाळले."

"माझं काय? मला का नाही सांगितलंत?"

"तू तोपर्यंत बाजारात टेबल मांडलं होतंस. बापाच्या खुराड्यावरची पाटी वर टांगून. लोक तुझ्याकडे यायला लागले होते." त्याला खोकला आला, तो बराच वेळ थांबेना. तिने पाण्याचा पेला पुढे केला, पण हात पाठीवर ठेवला नाही. "म्हटलं, ही बाहेरचा नर आणत नाही. घरातल्या घरात चाललंय. कुणाला कळणार आहे."

"नेणारे बाहेर लावतात, काका."

"माहीत आहे."

"दरवर्षी माझ्या चिठ्ठीचं कौतुक करायचात तुम्ही. केक खाता खाता."

त्याने पेला खाली ठेवला. बाहेर कुणीतरी गवत कापत होतं. त्याने विचारलं, "आता काय करणार?"

"सांगणार. सगळ्यांना."

"माझं नाव घे."

"घेणारच आहे," मार्लिस म्हणाली आणि निघून आली. ट्राम येईपर्यंत तिला थांबवेना. ती पुढच्या थांब्यापर्यंत चालली, मग त्याच्या पुढच्या, मग त्याच्याही पुढच्या. घरी पोचेस्तोवर पायाला फोड आले होते.

जुलै फोन करण्यात गेला. डेटलेफ वही वाचायचा, ती नंबर लावायची. एसेनच्या एकाने ऐकून घेतलं आणि न बोलता फोन आपटला. एका आईने सांगितलं, "आमच्या मुलीने त्याचं नाव राजकुमारी ठेवलंय, तो नर निघाला तरी ऐकत नाही. घराणं घेऊन आम्ही काय करू?" हानोव्हरचा मोठा पैदासकार मात्र अर्धा तास बोलला. त्याने तिच्या माद्या आपल्या बेल जनावरांत मिसळल्या होत्या, गडद निघालेली पिल्लं आपलीच काही गफलत समजून बाजूला काढली होती. तीन वर्षं तो स्वतःच्याच जनावरांवर संशय घेत बसला होता. "बाई, तुम्ही सांगितलंत म्हणून मी दुसरीकडे चूक शोधली," तो म्हणाला. ती म्हणाली, "हो. चूक माझ्याकडची होती." समजावायला गेली नाही, काकाचं नावही तिथे घेतलं नाही. फोन ठेवल्यावर तिच्या कानाचा रंग बघून डेटलेफ म्हणाला, "आज पुरे." ती म्हणाली, "पुढचा नंबर वाच."

नेर्मिनकडे ती स्वतः गेली. सहाही पिल्लं एव्हाना बोटभर झाली होती, काळ्या पट्ट्यांवर पिवळे ठिपके फुटत होते. मार्लिसने तिच्या मादीचे पैसे परत देऊ केले, तिने घेतले नाहीत. चहा ओतता ओतता नेर्मिन म्हणाली, "ही दिसायला देखणी आहेत की. यांना आपसांत लावलं तर?"

मार्लिसने कागद मागितला आणि सोळा चौकटी आखल्या, कारण आता हरवलेले वाटे दोन ठिकाणचे होते. "बघा. सोळात नऊ गडद. सात फिके. पण त्या सातांतला कोणता कुठल्या घराण्याचा, हे तुम्ही, मी, कुणीही डोळ्यांनी सांगू शकणार नाही. माझ्या काकाच्या टोपल्यांत जे झालं तेच तुमच्या घरी होईल."

"म्हणजे यांची पैदास करायचीच नाही."

"पाळायची. लाड करायचे. लावायची नाहीत."

नेर्मिनने दोन ठेवली. चार तिच्या दवाखान्यातल्या ओळखीच्या घरांत गेली, प्रत्येकाबरोबर एक कागद, काय करायचं नाही ते लिहिलेला.

सप्टेंबरच्या बाजारात मार्लिसने नेहमीचं टेबल घेतलं. टेबलावर एकही जनावर नव्हतं, फक्त छापील कागदांचा गठ्ठा. कुठल्या सालापासून, कुठल्या नावाखाली, खरं घराणं कोणतं, सगळं त्यात. लोक येत, वाचत, काही हळहळत, काही कोपराने एकमेकांना खुणावत. दहाच्या सुमारास चाकांच्या खुर्चीतून एबीकाका आला. शेजारच्या पावेलने ढकलत आणला होता. तिने बोलावलं नव्हतं. जूननंतर ती त्याच्याशी बोललीही नव्हती. तो टेबलाच्या टोकाशी ऑक्सिजनची बाटली लावून बसला आणि जो कोणी कागद उचलेल त्याला म्हणू लागला, "चूक माझी. हिची नाही."

पाच-सहा वेळा ऐकून मार्लिस म्हणाली, "काका, कागदावर लिहिलंय ते. तुम्ही गप्प बसा, दम संपेल."

"लिहिलेलं मी एकदा चुकवलंय," तो म्हणाला. "आता तोंडाने सांगतो."

हानोव्हरचा पैदासकार आला तेव्हा काका त्याच्याशीही बोलला. काय बोलला ते मार्लिसला ऐकू आलं नाही. ती तेव्हा दुसऱ्या बाजूला एका बाईंना चौकटी आखून दाखवत होती. परत वळली तेव्हा तो माणूस कागद खिशात घालत होता. तिच्याकडे बघून त्याने मान हलवली. हसला नाही. दुपारी तिने काकाला डब्यातला खिम्याचा वडा आणि मोहरीची चटणी दिली. स्वतः उभ्यानेच खाल्लं. जाताना तो म्हणाला, "येशील ना कधी?" ती म्हणाली, "बघू." मग थंडी सुरू झाल्यावर ती गेली, दर दोन आठवड्यांनी जाऊ लागली, पण पूर्वीसारखं अंड्यांबद्दल त्यांचं बोलणं होत नसे. भाज्यांबद्दल होई, दुखण्याबद्दल होई. एप्रिलमध्ये काका वारला. त्या आधीच्या भेटीत तो झोपेत होता, आणि ती तासभर तिथे बसून आली होती.

एकसष्टांपैकी बेचाळीस माणसं सापडली. एकोणीस नाहीत. कुणाचा नंबर बदललेला, कुणी रोख देऊन गेलेला, वहीत नुसतं आडनाव. मार्लिस अजून ट्राम चालवते. तळघरात गेको आहेत, पण आता खऱ्या नावाने, आणि दरवर्षी एखादी मादी ती बाहेरच्या खात्रीच्या नराला लावून बघते. डेटलेफ म्हणतो, इतका संशय तू लग्नाआधी घेतला असतास तर मी सुटलो असतो. पण तिला माहीत आहे, ते एकोणीस लोक आपापल्या तळघरांत तिची जनावरं लावतायत, त्यांची पिल्लं विकतायत, आणि प्रत्येक पिल्लाबरोबर तिचा शब्द आणखी एका घरी जातोय. ट्राममध्ये कुणाच्या हातात जाळीचा डबा दिसला तरी तिची मान वळते.

गेल्या डिसेंबरात पोलंडमधल्या लोज शहरातून एका अनोळखी माणसाचं पत्र आलं. त्याने कुणाकडून तरी एक जोडी घेतली होती, त्या कुणीतरीने आणखी कुणाकडून. कागदावर तिचं नाव होतं, म्हणून त्याने पत्ता शोधून काढला होता. सोबत एक फोटो होता. शेवाळाच्या डब्यात चार पिल्लं, चारही गडद. खाली मोडक्या जर्मनमध्ये लिहिलं होतं, मी ऊब बरोबर ठेवली, ओलावा बरोबर ठेवला, माझं काय चुकलं ते कृपया सांगा.

मार्लिसने कोट काढायच्याही आधी टेबलाशी बसून कागद ओढला आणि लिहायला घेतलं: तुमचं काही चुकलं नाही.